खिरणगडाचा अडसर

पहाट फुटली तेव्हा खिरणगडाच्या तिन्ही अंगांच्या दऱ्यांत धुके साचले होते आणि त्यातून गनिमाच्या तोफांची काळी तोंडे तेवढी वर निघाली होती. वेढ्याला चौथा महिना लागला होता. आदल्या दिवशी एका गोळ्याने गडाचा लोहार राणोजी गेला आणि दुसऱ्याने महादरवाजाचा लोखंडी अडसर दुमडला.

राणोजीची विधवा गोजरा, जिने वीस वर्षे नवऱ्याचा भाता ओढला होता, सुतकातच भट्टीपाशी येऊन बसली. घण उचलायला शिबंदीतला खेळोजी घाग आला. गुडघ्यात गोळी बसल्यापासून त्याला तटावर उभे राहवत नव्हते.

त्याने पाटीभर कोळसा ओतून भाता सपासप ओढला. धूर झाला, ठिणग्या उडाल्या, आग विझली.

"दादा, ही काय गनिमावरची दौड आहे?" गोजरा म्हणाली. "आधी वाळलं गवत, मग काटक्या. त्यांनी जीव धरला की कोळसा, तोही कडेकडेनं. भाता सावकाश, पण खंड पडू देऊ नका. आग पसरली तर कडेला पाणी शिंपा, मधली आच घट्ट राहते."

तिसऱ्या खेपेस आच धरली. लोखंड लाल होताच त्याने घण उचलला.

"थांबा, पिवळं होऊ द्या. मात्र पांढऱ्या ठिणग्या फुटल्या तर जळालंच समजा."

दुपारी अडसर दरवाजाला चढला. तिसऱ्या प्रहरी गनिमाने हत्ती घातला. दरवाजा थरथरला, अडसर हलला नाही.

दुसऱ्या सकाळी किल्लेदार हैबतराव स्वतः दरवाजापाशी आले. "खेळोजी, अडसर काढा. आमचा तह झाला आहे."

"हुजुरांचा हुकूम आहे, किल्लेदारसाहेब?"

"आम्ही सांगतो तो हुकूम!"

"मग माफी असावी. मीठ हुजुरांचं खाल्लं आहे." खेळोजी लंगडत गेला आणि अडसराला पाठ लावून उभा राहिला.

ज्यांच्या पंगतीत त्याने वेढाभर कण्या खाल्ल्या होत्या, त्यांतल्याच दोघांनी त्याला भाल्यांनी भोसकले. गोजरा पाच हातांवर होती. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या गप्प राहण्याची लाज तिला जन्मभर पुरली.

गनिमाने दिलेली जवाहिराची पेटी पालखीत लपवून हैबतराव गड उतरले आणि त्यांनी हुजुरांना लिहिले, "नवशिक्या हाताने घडवलेला अडसर हत्तीच्या धडकेने तुटला, सेवकाचा इलाज चालला नाही." दरबाराने त्यांचे सांत्वन केले, वस्त्रे दिली. खेळोजीच्या घरची इनाम जमीन जप्त झाली.

गोजरा गडावरच राहिली. रोज दिवस मावळताना गनिमाचे पहारेकरी त्याच अडसराने महादरवाजा बंद करीत, आणि तो न अडखळता आपल्या जागी जाऊन बसे.