पाणक्याची सिम्बा

"बाबांना सांग, मी माझी जागा सोडली!" ओगोला म्हणाला आणि त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

धाकटा ओबिएरो स्टुलावर नुसता टेकला होता, तो ताडकन उठला. "दादा, वेड लागलंय का तुला? जागा सोडली म्हणजे? बसमधली सीट आहे का ती!"

"माझ्यापायी तुझं लग्न अडलंय ना? मग!"

ओबिएरो पुन्हा स्टुलावर टेकला. अडलं होतं हे खरंच होतं. थोरल्याची सिम्बा, म्हणजे बापाच्या कुंपणातली त्याची स्वतःची झोपडी, उभी राहिल्याशिवाय धाकट्याने तिथे एक खांबही रोवायचा नाही, ही लुओ लोकांची रीत. आणि ज्याला झोपडी नाही त्याच्याकडे, ओबिएरोने पसंत केलेल्या आदोयोचे वडील मुलगी पाठवायला तयार नव्हते. ओगोला पस्तिशीचा झाला तरी त्याची सिम्बा उभी राहिली नव्हती. तिच्यासाठी त्याने पत्रे जमवले होते, पण एका वादळात आईच्या घराचं छप्पर उडालं, तेव्हा ते सगळे त्याने तिच्या घरावर घातले. पुढे आई गेली... आणि नवे पत्रे जमवायच्या आतच त्याची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली.

जागा सोडण्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता. ज्याला कुंपणात जागाच नाही त्याला मेल्यावर कुंपणाबाहेर पुरतात. ओबिएरो डोळे पुसत निघून गेला, आणि स्टूल पुन्हा रिकामं झालं.

किसुमू शहरातल्या त्या दवाखान्यात दर मंगळवारी आणि शुक्रवारी ओगोला चार तास रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनला बांधलेला असे. बाकीच्या खुर्च्यांजवळ कुणाची बायको बसलेली असे, कुणाची बहीण. त्याच्याजवळचं स्टूल बहुधा मोकळंच! दोन वर्षांत वडील एकदाही आले नव्हते. गावाहून येणाऱ्यांच्या तोंडून त्यांचा एकच शब्द त्याच्या कानावर येई: "आळशी!" तो शब्द सुईपेक्षा खोल रुतत असे.

त्या एकाकीपणात त्याला आधार होता तो मोबाइलवरच्या एका खेळाचा. तिथे प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं आणि दूरदेशीच्या अनोळखी माणसांबरोबर डोंगर-वाळवंटं तुडवायची. ओगोलाने कोणतं सोंग घ्यावं? पाणक्याचं! ज्याला डॉक्टरांनी दिवसाला मोजून दोन पेले पाणी नेमून दिलं होतं, तो तिथे खांद्यावर घागर घेऊन साऱ्या तांड्याला पाणी पाजत फिरे. डर्बन शहरातली एक विधवा तिथे लोहार होती, तामाले शहरातला एक शाळामास्तर वाटाड्या होता. "पाणक्या आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही," असं वाटाड्या बजावत असे. बाहेरच्या जगात जो तो विचारी, "आज कसं वाटतंय?" तिथे मात्र विचारत, "पाणी कुठाय रे?" आपली कुणीतरी वाट पाहतंय, या एका भावनेवर त्याचे चार तास सरत.

त्या खेळात त्याला थोडी जमीनही मिळाली होती. तिथे त्याने कुंपण घातलं होतं, फाटक बसवलं होतं, फाटकासमोर आईचं घर उभारलं होतं. ओबिएरो गेल्यावर त्याने डाव्या हाताच्या अंगठ्याने फाटकाजवळ चार खुणा केल्या. खरी सिम्बा तर गेलीच... निदान इथे तरी!

शुक्रवारी दारात गलका झाला.

"आजोबा, काठी बाहेर ठेवा! नळ्यांना लागेल," सिस्टर चेरोतिच ओरडत होती.

"काठी बाहेर ठेवली तर आत तू उचलून नेशील काय मला?"

तो आवाज ऐकताच ओगोलाने मान वळवली. बाबा! उन्हातून, बसचे धक्के खात आलेले, टोपी धुळीने माखलेली.

"जागा सोडणारा तू कोण रे?" म्हातारा म्हणाला. "ती तुझ्या बापाची आहे!"

"मग दोन वर्षं ती आखून का दिली नाहीत?" ओगोलाचा बांध फुटला. "एकदा तरी आलात? आळशी म्हणालात मला! मी समजलो, तुम्हाला माझी लाज वाटते..."

म्हातारा स्टुलावर बसला. नळीतून फिरणाऱ्या मुलाच्या रक्ताकडे त्याने पाहिलं.

"माणसाची सिम्बा दुसरे लोक... कधी बांधतात रे?"

ओगोलाला उत्तर माहीत होतं. बिनघराचा तरुण मरतो तेव्हा! शेजारी जमून एका सकाळीत झोपडी उभी करतात, तिच्यातून त्याला पुरायला नेता यावं म्हणून.

"तुझी सिम्बा बांधायला ओबिएरो दोनदा कुदळ घेऊन निघाला. दोनदा मी हिसकावली," वडील म्हणाले. "सगळे म्हणत, पोरगा आजारी आहे. मी म्हणायचो, नाही, आळशी आहे! अरे, आळशी माणूस उठू शकतो, पोरा..."

दोघंही रडत होते. सिस्टर उगाचच मशीनचे आकडे पाहत राहिली.

तेवढ्यात मोबाइल वाजला. "पाणक्या, कुठे आहेस?" लोहारीण विचारत होती.

"हे काय?" म्हाताऱ्याने मोबाइलकडे पाहत डोळे बारीक केले. "हे फाटक... हे तिचं घर! वर पत्रे आहेत?"

"पत्रेच आहेत, बाबा."

"तुझे पत्रे. ठाऊक आहे मला." मग एकदम कपाळाला आठी पडली. "आणि ह्या खुणा?"

"माझी सिम्बा."

"ह्या हाताला? गधड्या! ही धाकट्याची बाजू! आधी आईच्या दारात उभा राहा, मग बघ!"

पाणक्या आईच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आता त्या हाताला. अजून... अजून... इथे!" म्हाताऱ्याचं राठ बोट काचेवर टेकलं, आणि बोटाखाली खुंटी उभी राहिली. बापाने जागा आखून दिली होती! ओगोलाने मोकळ्या हाताच्या अंगठ्याने पहिला खांब रोवला.

"रविवारी गावी यायचं," वडील म्हणाले. "खड्डा ओबिएरो खणेल. तू खांब धरायचा. हात तुझाच लागला पाहिजे."

मोबाइलवरच्या फाटकातून दोन माणसं गवताचे भारे घेऊन आत आली.

"ही कोण?"

"शेजारी. एक डर्बनची, एक तामालेचा."

"इतक्या लांबून गवत आणलं?" म्हातारा कासावीस झाला. "अरे, मग पाणी दे की त्यांना!"

पाणक्याने खांद्यावरची घागर उतरवली. म्हाताऱ्याने, घसा कोरडा पडला होता म्हणून, पिशवीतली बाटली काढून बूच फिरवलं. पण मुलाच्या सुकलेल्या ओठांकडे लक्ष गेलं तसं बूच पुन्हा घट्ट लावलं, बाटली स्टुलाखाली सरकवली, आणि मशीन थांबेपर्यंत तो तसाच बसून राहिला.