दोघांपुरती जागा

अमेरिकेतल्या याकिमाच्या खोऱ्यात सफरचंदांचा हंगाम भरात आला की गोदामवाल्यांना जेवायलाही फुरसत नसते. अशाच एका दुपारी नेटवर्कवाला डेल्मर गोदामावर आला. नऊ नंबरच्या शीतखोलीतला तापमान मोजणारा डबा सकाळपासून एकच रड लावून बसला होता: माझा नेटवर्कवरचा पत्ता दुसऱ्याच कुणीतरी घेतलाय.

मुकादम रोझाउरा दाराशीच भेटली. "आधी तुझं कुलूप दाराला अडकव. ते असलं की दार सरकत नाही."

"अगं, दोन मिनिटांचं काम आहे."

"तुझी दोन मिनिटं ठाऊक आहेत मला! मागच्या खेपेला माझं जेवण गार झालं होतं."

दोघंही हसले. धक्क्यावर ट्रक लागला म्हणून ती तिकडे वळली, आणि हा पठ्ठ्या कुलूप न लावताच आत शिरला.

या खोल्या म्हणजे साधा फ्रिज नव्हे. दार लागलं की वायू सोडून आतला प्राणवायू हाकलून देतात. फळ महिनोन्‌महिने टिकतं, माणूस मात्र बघता बघता आडवा होतो.

डेल्मरनं डब्याची वायर काढून आपल्या लॅपटॉपला लावली. पत्ता लगेच मिळाला, पण मास्क बघून तो चक्रावला. मास्क म्हणजे पत्त्यांभोवतीचं कुंपण. आतले ते शेजारी, बाहेरचे परके. गोदामाच्या कुंपणात अडीचशे यंत्रं सुखानं नांदत होती. इथे मास्कचा शेवटचा आकडा होता २५२. म्हणजे जागा फक्त दोघांना.

एक तो स्वतः. डब्याची तर वायरच काढलेली. मग दुसरा कोण?

त्यानं शेजारच्या पत्त्याला हाक पाठवली. उत्तर लगेच आलं.

आणि मागे दार सरकून बंद झालं. दिवा गेला. भिंतीतून फुस्स आवाज सुरू झाला, आणि रिकाम्या खोलीत नासक्या सफरचंदांचा गोड वास पसरला. आतली कडी नुसती गरागरा फिरत होती. फोनला रेंज नव्हती. ऑफिसचा कॉम्प्युटर दार उघडू शकला असता, पण तो कुंपणापलीकडे! डेल्मरनं मास्क बदलला. आकडा पुन्हा २५२. पुन्हा बदलला. पुन्हा २५२. त्याची पाचावर धारण बसली.

"कोण... कोण आहे?"

पडद्याच्या उजेडात समोरची भिंत तेवढी दिसत होती. धाप लागत होती. एकच उपाय उरला होता: आपला पत्ता सोडायचा, नवा मागायचा. त्यानं पत्ता सोडला.

दार उघडलं.

लॅपटॉप छातीशी धरून तो रांगत बाहेर कोसळला. त्याच क्षणी रोझाउरा धावत आली. "डेल्मर! कुठे आहेस रे?" बाहेरच्या बोळातलेही दिवे गेले होते, अंधारात तो तिला दिसलाच नाही. ती सरळ आत शिरली, आणि तिच्यामागे दार लागलं.

"रोझाउरा! आत नको..."

गोदामातली माणसं पहारी घेऊन दारावर तुटून पडली. डेल्मर धडपडत ऑफिसात पोचला. नऊ नंबरला उघडायचा हुकूम दिला, वायू बंद करायचा दिला. काहीच नाही. त्याचा लॅपटॉप बंद पडला होता. काय वाटलं कोण जाणे, त्यानं आपल्याच सोडलेल्या पत्त्याला हाक पाठवली.

कुंपण ओलांडून उत्तर आलं.

रोझाउराचा फोन तर इथेच टेबलावर चार्जिंगला लावलेला होता. आत तिच्याजवळ हातमोज्यांपलीकडे काही नव्हतं.

त्यानं पुन्हा हाक पाठवली. उत्तर आलं, जरा उशिरा. मग आणखी उशिरा.

"श्वास घे गं... रोझाउरा, श्वास घे..." पडद्याला हात लावून तो रडत होता. बाहेर पहारींचे घाव पडत होते.

शेजारच्या पत्त्यालाही त्यानं हाका पाठवल्या. त्याची उत्तरं मात्र आधीसारखीच, लगेच येत होती.