पाचव्या दगडापलीकडची अगानेथा

"उद्या सकाळी नऊला खडीचा ट्रक येतोय," सायकल कुंपणाला टेकवत हानी म्हणाली. "म्हणजे आपल्या हातात फक्त आजचा दिवस."

"आज मी पोहायला जाणार होतो," डिर्क कुरकुरला.

"जा की, तळं कुठे पळून जात नाही. पण आधी ओमाचं काम," त्याची बहीण मार्गा म्हणाली. दोघंही सुट्टीला हानीच्या, म्हणजे आपल्या चुलतबहिणीच्या घरी आले होते, आणि हानी बारा वर्षांची असल्यामुळे हुकूम तिचाच चालायचा.

रविवारी रोझेनग्रुंड या जर्मन भाषिक गावाच्या चर्चला सव्वाशे वर्षं पूर्ण होणार होती. पाहुण्यांच्या गाड्या लावायला दफनभूमीच्या पश्चिमेकडच्या गवतावर खडी टाकायची, असं ठरलं होतं. ते ऐकल्यापासून तिघांची आजी, अगानेथा ओमा, धड जेवत नव्हती. तिच्या जन्माआधीच तिची एक बहीण वारली होती आणि ती त्या गवतातच कुठेतरी होती. लहानपणी आई ओमाला हाताला धरून तिथे न्यायची. पण मधल्या काळात तिथली झुडपं तोडली गेली, लाकडी खुणा कुजल्या. आता नेमकी जागा काही ओमाला सांगता येईना.

चर्चचे चिटणीस फ्रांझ काका तर ऐकूनच घेत नव्हते. "ओमा, त्या गवताला लागून असलेल्या ओळीत लहान मुलांच्या पाच कबरी आहेत. पहिलीवर दगड, पाचवीवर दगड, संपली ओळ. अख्खी नोंदवही मी स्वतः कॉम्प्युटरवर घातलीय. तुला बहीण होती अशी नोंदच नाही." आणि मग वळून, तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने ते म्हणाले, "वय झालंय बिचारीचं." हानीने ते ऐकलं आणि तिचं डोकंच फिरलं.

मूळ वही चर्चच्या कपाटात कुलपाआड होती. मागून किल्ली मिळणार नाही हे उघडच होतं. म्हणून मार्गा बादली आणि फडकी घेऊन काकांसमोर उभी राहिली.

"काका, रविवारसाठी कपाटं पुसून देतो आम्ही. आतूनसुद्धा."

"आणि बदल्यात काय हवंय?"

"काहीच नको."

चर्चचं काम फुकटात होत असताना नाही म्हणणं काकांच्या रक्तातच नव्हतं. "वह्यांना ओला हात लावाल तर याद राखा," असं बजावून त्यांनी किल्ली दिली आणि ते बाकं मोजायला गेले.

डिर्क दारात पहाऱ्याला बसला. जुन्या वळणाची जर्मन अक्षरं ओमाने हानीला शिकवली होती. तरी ती अडखळत, एकेका ओळीवर बोट ठेवत वाचत होती. "याकोब वीबे, ओमाचे वडील. बायको सारा. मुलं... हे बघ. अगानेथा, जन्म १९३०. पुढे क्रूस, मृत्यू १९३३. आणि खाली पुन्हा अगानेथा, जन्म १९३४."

पहिल्या नावावर पेन्सिलीने काट मारली होती. शेजारी काकांचं अक्षर होतं: 'चुकून दोनदा. ही बाई जिवंत आहे.'

मार्गाला हसू आवरेना. "म्हणजे ओमा स्वयंपाकघरात पाव भाजतेय, तेव्हा ती १९३३ मध्ये मरणं शक्य नाही. वा काका, काय डोकं चालवलंय!"

"पण एका घरात दोन अगानेथा कशा?" डिर्कने दारातून विचारलं.

हानी पानं उलटत राहिली. डिक कुटुंबात योहान, क्रूस. पुन्हा योहान, क्रूस. मग तिसरा योहान, तो मात्र म्हातारा होऊन गेलेला. फ्रीझनांकडे दोन कातारीना.

"मूल गेलं की पुढच्या बाळाला तेच नाव द्यायचे," ती हळूच म्हणाली. "लिहिणारा चुकलेला नाही. ओमाला तिच्या बहिणीचं नाव दिलंय."

मग तिने मुलांच्या मृत्यूच्या तारखा क्रमाने लावल्या. इथे घराण्याप्रमाणे पुरत नाहीत. जो आधी गेला तो आधी, त्याच्या शेजारी पुढचा. पाचव्या कबरीतलं मूल १९३२ मध्ये गेलेलं. त्याच्यानंतर लगेच अगानेथा. तिच्यानंतरची मुलं पूर्वेच्या नव्या ओळीत होती आणि तिथले सगळे दगड शाबूत होते.

"म्हणजे सहावी," डिर्क म्हणाला. पोहण्याचं तो केव्हाच विसरला होता.

वही घेऊन तिघं दफनभूमीत धावली. पहिल्या कबरीच्या दगडापासून पाचवीच्या दगडापर्यंत डिर्कने टाचेला अंगठा लावत मोजलं. चोवीस पावलं, म्हणजे दोन कबरींमध्ये सहा. मग त्याने लोखंडी सळई घेतली आणि दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या जागी डोक्याच्या बाजूला हलकेच टोचली. तिन्ही ठिकाणी मातीखाली दगड लागला. लाकडी खूण टेकवायला ठेवलेला असणार. पाचव्यापासून पुढे सहा पावलं मोजून त्याने सळई टोचली. नुसतीच माती.

हानी पुढे झाली. "जरा डावीकडे बघ."

तिथेही काही नाही. आणखी वीतभर पुढे. टक्.

तिघांनी हातांनीच गवत बाजूला केलं. खाली शेतातला एक चपटा दगड होता.

"हे काय चालवलंय?" मागून फ्रांझ काका गरजले.

हानीने उघडी वही त्यांच्यासमोर धरली. ती म्हणाली, "काका, एका अगानेथाला जिवंत ठेवायला तुम्ही दुसरीला खोडून टाकलंत."

काकांनी ते पान वाचलं, डिक कुटुंबाचं वाचलं, फ्रीझनांचं वाचलं. मग त्यांनी टोपी काढली. आणि ट्रकवाल्याला फोन लावला. "खडी नको. उद्याही नको, कधीच नको. गाड्या माझ्या शेतात लागतील, गवत कापून झालंय." मुलांकडे वळून ते म्हणाले, "सहा महिने मी त्या वहीशी बसलो होतो. पण वाचली ती तुम्ही, आणि तीही एका दुपारी. शाबास रे पोरांनो. चुकलो मी, आणि हे ओमाला मीच सांगणार."

त्यांनी खोडरबर काढून पेन्सिलीची काट पुसली आणि गाडी घेऊन ओमाला आणायला गेले.

ओमा काठी टेकत आली. कोणाचा हात न धरता ती गवतावर बसली आणि दगडावरची माती कमरेला बांधलेल्या ॲप्रनच्या टोकाने पुसू लागली.

"तुझं नाव मी इतकी वर्षं वापरलं गं," ती म्हणाली. "जपून वापरलंय."