हॅटवाल्याची जागा

ऑरिन टॅकेट घरातून निघाला होता दाराची एक जुनी मूठ बघायला, आणि परत आला तो अख्खी गाडी ओढत. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

गाडी होती व्हर्ना प्रुइट नावाच्या एका म्हातारबाईंच्या कोठारात. मोहावीच्या वाळवंटात, गावापासून चांगली लांब. बत्तीस सालची, दोन दारांची, टपावर कोंबड्या बसलेल्या. बाईंच्या नवऱ्याने, क्लाइडने, तिची हॉट रॉड, म्हणजे सुसाट पळणारी शर्यतीची गाडी, करायची म्हणून ती आणून ठेवली होती. पुढे ‘उद्या बघू, उद्या बघू’ करता करता त्याने अंथरूण धरलं, त्यातच तो गेला, आणि गाडी राहिली ती राहिलीच.

"एवढं ध्यानात ठेव," बाई म्हणाल्या, "टप कापून बुटका करायला त्याचा सक्त विरोध होता. हॅट काढायचा नाही ना तो. जेवताना नाही, चर्चमध्ये नाही. शेवटी दवाखान्यातही डोक्यावरच."

ऑरिनला हसू आलं. बाई हसल्या नाहीत. गाडी पळेल तेव्हा मला बघायला बोलाव, एवढीच त्यांची अट होती.

ऑरिनने उभा जन्म शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात घालवला. स्वतःची अशी ही पहिलीच गाडी, आणि बहुधा शेवटचीही. डोळ्यांच्या डॉक्टरने सांगूनच टाकलं होतं की पुढच्या वर्षी परवाना विसरा. तेव्हा जे काही पळायचं ते याच वर्षी, कोरड्या तळ्यावरच्या शेवटच्या शर्यतीत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, घर खायला उठायचं. आता मात्र सकाळी उठलं की कधी एकदा गराजमध्ये जातो असं व्हायचं त्याला. सुखात होता गडी.

जुन्या पद्धतीची हॉट रॉड म्हणजे मडगार्ड उतरवायचे, इंजिन दणकट बसवायचं, आणि टप कापून बुटका करायचाच. उंच टपाची गाडी या हौशी मंडळींत टिंगलीचा विषय. वेल्डिंगला त्याचा दोस्त कूको सांडोवाल यायचा. तो म्हणाला, "न कापता नेलीस तर लोक टॅक्सी समजून भाडं विचारतील तुला, म्हाताऱ्या."

कापायची रीत ठरलेली. टप पेलणाऱ्या खांबांवर कागदी चिकटपट्ट्या लावायच्या, एक खाली, एक वर. मधला तुकडा काढून टाकायचा. पण लगेच करवत चालवायची नाही. दोन-चार दिवस गाडी तशीच ठेवायची, येता-जाता लांबून बघायची, नजरेला रेघ पटली की मग कापायचं. पट्टी एकदा लावली की पुन्हा मोजत बसायचं नाही, ते अपशकुनी.

दुसऱ्या दिवशी वरची पट्टी दोन बोटं खाली आलेली दिसली, म्हणजे कापायचा तुकडा तेवढा कमी. ऑरिनला वाटलं, कूकोची थट्टा. त्याने मुकाट्याने ती वर लावली. सकाळी परत खाली. कूकोला विचारलं तर तो उलट यालाच म्हणाला, चष्मा बदल. गराजमध्ये एक वासही यायला लागला होता, पावसात भिजलेल्या लोकरीसारखा. वाळवंटात कित्येक महिन्यांत थेंब पडला नव्हता.

कापायच्या दिवशी दोघेही घाईत होते. रीतीप्रमाणे कुणी मोजलं नाही. पट्टीवर विश्वास ठेवून करवत चालली, वेल्डिंग झालं, आणि लांब जाऊन बघतात तो काय, टप जेमतेम बुटका झालेला. कूकोने कपाळावर हात मारला. पुन्हा कापायला वेळ नव्हता.

"राहू दे," ऑरिन म्हणाला. "मला आवडली."

आणि खरंच आवडली होती.

तळ्यावर भर उन्हात रांग लागली. पांढरीफट्ट सपाट माती, वारा नाही, आवाज फक्त इंजिनांचा. लोकांनी टपावरून टोमणे मारले, ऑरिनने हसून घेतले. व्हर्नाबाई पलीकडच्या टोकाला खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्याची पाळी आली. निशाणवाला खिडकीशी वाकला.

"एका गाडीत एकच माणूस, आजोबा. त्या हॅटवाल्यांना उतरवा."

ऑरिनने वळून पाहिलं. शेजारची सीट रिकामी होती. लोकरीचा वास मात्र नाकात भरला... शेजारी कुणीच नाही असं सांगावं, तर ज्याला शेजारचा माणूस दिसत नाही त्याला गाडी कोण चालवू देणार? वर्षभराची मेहनत एका वाक्यात मातीत गेली असती. निशाणवाला दुसऱ्या बाजूने दार उघडायला निघाला.

ऑरिन ओठ न हलवता पुटपुटला, "क्लाइडराव... हात जोडतो... हॅट काढा, आणि जरा खाली सरका."

काही क्षण काहीच झालं नाही. मग सीटची स्प्रिंग करकरली... हळूच.

निशाणवाल्याने खिडकीतून आत पाहिलं. डोळे चोळले, पुन्हा पाहिलं. "ऊन फार आहे आज," असं काहीतरी म्हणत तो मागे गेला आणि त्याने निशाण खाली केलं.

काय पळाली गाडी! ऑरिन शेवटपर्यंत लहान पोरासारखा ओरडत होता. त्याच्या बरोबरीने आणखी कुणी ओरडलं की काय, ते त्या आवाजात कळायला मार्ग नव्हता.

पलीकडे व्हर्नाबाई काठी टेकत आल्या आणि आत डोकावल्या. गाडीत सगळीकडे तळ्याची पांढरी धूळ बसली होती. शेजारची सीट तेवढी स्वच्छ होती, एक माणूस बसेल एवढी. आणि समोरच्या फळीवर एक स्वच्छ वाटोळं होतं, हॅट ठेवावी एवढं. बाईंनी त्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"माझ्यासाठी कधी काढली नाही मेल्याने," त्या म्हणाल्या. डोळे पाणावले होते, पण चेहरा हसरा होता.

संध्याकाळच्या आत ऑरिन समाधानाने घरी पोचला. तोवर फळीवरच्या वाटोळ्यावरही धूळ बसली होती, हॅट परत डोक्यावर गेली असावी. सीट तशीच स्वच्छ होती. इंजिन बंद करून तो वळसा घालून पलीकडे गेला आणि शेजारचं दार उघडून अदबीने बाजूला उभा राहिला.

स्प्रिंग करकरली नाही. कुणी उतरलं नाही.

थोडा वेळ वाट पाहून त्याने दार हळूच लोटलं, आपटलं नाही.