पाकाचं रक्त

पडद्यावरचं रक्त मी साखरेच्या पाकात करतो. एकतारी पाक, मिठाईवाल्याकडचा तांबडा रंग आणि चिमूटभर काजळ. त्याला एकच खोड, मुंग्या लागतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे या मुंग्यांचं काम पडणार आहे.

१९६४च्या मार्चमध्ये एका गुजराती चित्रपटाची रंगभूषा करायला मी बेळगावहून दांडेलीजवळच्या गुंद गावी गेलो. निर्माता दांडेलीचा लाकडाचा ठेकेदार, म्हणून सुरतेकडची गोष्ट आमच्या रानात घडत होती. नावाजलेली माणसं दोनच, जडावबेन आणि मास्टर दलसुख.

जडावबेन अठ्ठावन्न वर्षांच्या. नवव्या वर्षी आरतीचं तबक धरून रंगमंचावर आल्या. मग नायिका, मग बोलपटातली सोशीक सून आणि आता सगळ्या जगाची आई. सकाळी रंगायला बसल्या की उजवा कान माझ्याकडे करायच्या. डावा ठार बहिरा होता.

"कशानं गेला?" मी एकदा विचारलं.

"सातव्या थपडेनं, पुंडलिकभाई." आरशातून नजर न काढता त्या म्हणाल्या. "एकतीस साल, सुरत. नाटकात नवरा बायकोला मारतो. दलसुखनं खरीच मारली. लोकांना आवडली. वन्समोर आला."

ज्यांनी जुनी नाटकं पाहिली नाहीत त्यांना सांगायला हवं. वन्समोर फक्त गाण्याला मिळायचा असं नाही. मेलेला नट उठून, धोतर झटकून, पुन्हा मरायचा. मायबाप प्रेक्षकांनी मागितलं की नाही म्हणायचं नाही, हा कंपन्यांचा नियम होता.

"सात वेळा मारली. मी सातही वेळा गाल पुढे केला." त्या हसल्या. "चाळीस वर्षं मार खायच्याच भूमिका केल्या, भाई. या चित्रपटात एकदा मारायला मिळणार, म्हणून आले."

मला हसू आलं नाही. शेजारच्या खुर्चीत तोच दलसुख, आता म्हातारा, पान चघळत बसला होता, आणि त्याच्या सुरकुत्या रोज मीच बुजवत होतो. मनातून मला त्याचा संताप यायचा.

शेवटचा प्रसंग असा होता. आई आपल्या मुलाच्या खुन्याला देवापुढे कोयत्यानं मारते. खुनी अर्थातच दलसुख. दिग्दर्शकानं जागा निवडली ती गावाच्या वरच्या अंगाला, देवाच्या रानात. तिथे कुऱ्हाड चालत नाही, त्यामुळे झाडं अशी दाट की भर दुपारी दिवे लावावे लागले. मधे तीन उभे दगड. ना शेंदूर, ना फूल.

जागा दाखवायला गावचा उमाजी आला होता. वयस्कर, कमी बोलणारा माणूस. दगडांच्या अलीकडे त्यानं चपला काढल्या आणि मला बाजूला घेतलं.

"सायब, ह्या देवाम्होरं खोटं काय नसतंय. केलं ते केलं. एकदाच करा आनि वाटंला लागा. परत परत केलासा तर जितक्यांदा केलासा, तितक्यांदा भोगाय लागंल."

"काय म्हणतो?" दिग्दर्शकानं विचारलं.

"रीटेक घेऊ नका म्हणतो."

सगळे हसले. मीही हसलो.

कोयता पांगाऱ्याच्या लाकडाचा, वर चंदेरी वर्ख. धार मी अंगठ्यानं तपासली होती. त्यानं लोणीसुद्धा कापलं नसतं. पाकाची पिशवी दलसुखच्या उपरण्याखाली बांधली. जडावबेन धावत आल्या, कोयता गळ्यावरून फिरला, पिशवी फुटली, दलसुख छान पडला.

कॅमेऱ्यात फिल्म अडकली होती. पुन्हा.

रीटेकच्या आधी रक्त पुसून माणूस कोरा करणं हे माझं काम. मी टॉवेलानं गळा पुसला. पाक निघाला आणि खाली केसाएवढी तांबडी रेघ दिसली. वर्खाचा कोपरा लागला असेल, असं मी समजलो. "दुखतंय का?" दलसुख म्हणाला, नाही. मी रेघेवर रंग लावला.

दुसऱ्या वेळी कोणीतरी खोकलं. पुसताना माझं बोट रेघेत जरासं बुडालं. मी कोयता परत पाहिला. धार बोथटच होती. कडेनं थोडा वर्ख निघून आतलं पांढरं लाकूड दिसत होतं, इतकंच.

"आता पुरे करा," मी दिग्दर्शकाला म्हणालो. "खरचटलंय त्यांना."

"उजेड चाललाय. शेवटचं एकदा."

मी मेण भरलं, वर रंग दिला. मला कळलं होतं. तरी भरलं.

तिसरा झाला. दिग्दर्शक ओके म्हणाला. दिवे विझले, लोक तारा गुंडाळायला लागले.

जडावबेन हलल्या नाहीत. त्यांनी मान वळवली आणि डावा कान, तो बहिरा कान, झाडांकडे केला. त्यांचा चेहरा उजळला.

"वन्समोर," त्या म्हणाल्या.

आम्हाला कोणालाच काही ऐकू आलं नाही. रातकिडेसुद्धा थांबले होते.

पण मास्टर दलसुख उठला. धोतर झटकलं. जागेवर जाऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "पुंडलिक, पूस."

मी पुसलं. पिशव्या केव्हाच संपल्या होत्या.

चौथा. त्याच्या तोंडातून पानासारखं तांबडं आलं.

"पूस."

पाचव्या वेळी एक सहायक धावला आणि त्यानं जडावबेनचं मनगट धरलं. त्यांनी त्याला नुसतं झटकलं. तो झाडावर आपटला, त्याचा हात मोडला. मग कोणी पुढे गेलं नाही.

सहावा. मान एका बाजूला कलली होती. तरी तो उठला. आवाज फुटत नव्हता, त्यानं बोटानं गळा दाखवला. माझा टॉवेल जड झाला होता. मी रडत होतो आणि पुसत होतो.

सातवा.

मग तो उठला नाही.

उमाजीनं चपला घातल्या आणि मागे न बघता उतरून गेला.

लाकडी कोयत्यानं गळा कापला जात नाही. पंचनाम्यात अस्वल लिहिलं गेलं. जडावबेन सुरतेला परत गेल्या. नंतर त्यांनी काम केलं नाही. मी मात्र बेळगावात दुकान मांडलं आणि तो टॉवेल चार पाण्यांतून काढून पेटीच्या तळाशी ठेवला. फेकवेना. पाकाच्या पिशव्या आणि तो टॉवेल तीन वर्षं एकाच पेटीत आहेत. पिशव्यांना मुंग्या येतात. टॉवेलाला वळसा घालून जातात.

काल पत्र आलं. जडावबेनच्या भाचीचं, केशरचं.

"मावशी सोमवारी गेली. डॉक्टरांनी नाडी पाहिली, आम्ही आंघोळ घातली. उचलायच्या वेळी ती उठून बसली. डावा कान दाराकडे केला, कोणी हाक मारावी तसा, हसली, आणि पुन्हा गेली. आजवर चार वेळा झालं. गळ्यावर एक रेघ आली आहे, ती दर वेळी रुंद होते. शेजारी आता येत नाहीत. उठते तेवढ्या वेळात मावशी शुद्धीवर असते, तुमचं नाव घेते. म्हणते, पुंडलिकभाईंना बोलवा, अजून तीन आहेत, पुसायला कोणी नाही."

आज दुपारच्या गाडीचं तिकीट काढलं. पेटी भरली. टॉवेल वर घेताना हाताला ओला लागला.