रानजाईगडाची नौबत

सह्याद्रीच्या ऐन धारेवर उभ्या असलेल्या रानजाईगडाला उजेड पायथ्याच्या पेठेपेक्षा जरा आधीच गाठतो. त्या दिवशीही खाली कर्णवाडीच्या पेठेत धुके घरांच्या आढ्यांवर रेंगाळत असताना गडाच्या महादरवाजावर तांबूस ऊन चढले होते, नगारखान्यावरचे निशाण वाऱ्याने फडफडू लागले होते, आणि दरवाजाबाहेरच्या वडाखाली पेठेचे कोतवाल रायाजी गुंजाळ कमरेची तलवार सोडून ती धाकट्या भावाच्या, सुभानजीच्या हाती देत होते.

"दादा, अजून विचार करा. येसा नाईकाकडे ओलीस म्हणून मी जातो," सुभानजी म्हणाला. तो कोतवालीचा नायब होता, पण थोरल्यासमोर त्याचा आवाज नेहमीच एक पायरी खाली उतरे.

"कौल माझ्या तोंडून गेलाय, सुभान्या. मग मान कुणाची ठेवायची? तुझी?" रायाजी हसले. "तू इथं दरवाजा सांभाळ. आज गडावर डोंगरापेक्षा जास्त धोका आहे."

आता हा येसा नाईक कोण आणि कोतवालाला त्याच्यासाठी ओलीस राहण्याची वेळ का आली, ते सांगायला हवे. समोरच्या कावळ्या घाटाची राखण येसाच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. दोन वर्षांमागे घाटात व्यापाऱ्यांचा एक तांडा लुटला गेला, आणि तो येसानेच लुटला असे कारभारी भगवंतरावांनी दरबारात असे काही ठसवले की राज्य चालवणाऱ्या बाईसाहेबांनी येसाची राखण काढून घेतली. ती मिळाली कोणाला, तर कारभाऱ्यांच्या सख्ख्या मेहुण्याला! कारभारी मोठे देवभक्त. सोवळ्यात असताना खोटे बोलत नसत, एवढे मात्र त्यांच्या शत्रूंनीही कबूल करावे. येसाने बंड केले. त्याला धरायला कोतवालीचे शिपाई घाटात चढत आणि त्यातले काही परत येत नसत. गेलेल्या शिपायाच्या दारात निरोप घेऊन जायचे काम रायाजींनी कधी दुसऱ्यावर सोपवले नाही. उंबऱ्याबाहेर पागोटे काढून ते उभे राहत, आणि आतली बाई त्या उघड्या डोक्याकडे पाहूनच काय ते समजत असे. अशी कितीतरी दारे झाल्यावर रायाजींच्या मनात आले की ज्या गुन्ह्यासाठी आपली माणसे मरताहेत तो गुन्हा या माणसाने केला आहे तरी का? त्यांनी शोध घेतला. तांडा लुटणारे कारभाऱ्यांच्या मेहुण्याचेच लोक निघाले.

येसाने दरबारात येऊन बाईसाहेबांसमोर आपली फिर्याद सांगावी, त्याच्या केसाला धक्का लागणार नाही, असा कौल रायाजींनी बाईसाहेबांकडून मिळवला आणि बेलभंडार उचलून स्वतः येसाला दिला. पण दोन वर्षे रानात काढलेला माणूस नुसत्या शब्दावर गडात कसा शिरणार? त्याने तोलाचा ओलीस मागितला. तो फिर्याद मांडून महादरवाजातून सुखरूप बाहेर पडला की नगारखान्यात नौबत झडावी. ती कावळ्या घाटाच्या माथ्यावर स्वच्छ ऐकू जाते. सूर्य घाटाच्या धारेआड जाईपर्यंत नौबत ऐकू आली नाही, तर येसाला दगा झाला असे समजून त्याच्या लोकांनी ओलिसाची मान उडवावी आणि रान गाठावे. रायाजींना हे सारे मान्य होते.

वडाखाली त्यांच्या पत्नी सगुणाबाईही उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या हातावर दही ठेवले. "नौबत झाली की मी चूल पेटवते," एवढेच त्या म्हणाल्या. रायाजींनी दही चाटले, हात धोतराला पुसला आणि घाटाची वाट धरली. अर्ध्या वाटेवर वर जाणारा कोतवाल आणि खाली येणारा बंडखोर एकमेकांना भेटले. दोघांनी रामराम केला, आणि ज्याची त्याची वाट धरली.

दरबारात पुढे जे झाले ते कारभाऱ्यांच्या ध्यानीमनी नव्हते. येसा नाईक उंचापुरा, रापलेला, बोलायला रांगडा माणूस. त्याने मुजरा केला आणि सरळ विषयाला हात घातला.

"आईसाहेब, माझ्या बापानं ह्यो घाट राखला, आज्यानं राखला. एका वाटसराची घोंगडी कधी हरवली न्हाई. तांडा कुनी लुटला ते रायाजीरावांनी हुडकलंय. मी खोटा असंन तर हितंच माझं मुंडकं मारा."

पाठोपाठ सुभानजीने मेहुण्याचे दोन पकडलेले साथीदार उभे केले. ते घडाघडा बोलले. बाईसाहेबांनी पडद्याआडून सारे ऐकून घेतले. मग त्यांचा आवाज आला, "येसाजी नाईक, घाटाची राखण तुमची तुम्हांला परत दिली. सुभानजीराव, नाईकांना मानाने दरवाजापर्यंत पोहोचवा. आणि कारभारी, आपण आपल्या वाड्यातून बाहेर पडू नये. आपली झाडाझडती उद्या होईल."

सुभानजीच्या छातीवरचे ओझे उतरले. दिवस अजून वर होता. खाली उतरताना तो मनात दादांशी बोलतसुद्धा होता.

महादरवाजा म्हणजे दोन दरवाजे. मध्ये पहारेकऱ्यांची देवडी. तिथला हवालदार दौलतखान, पांढऱ्या दाढीचा, सुभानजीला पोरवयात पट्टा फिरवायला शिकवलेला. त्याने येसाला पाहून हात छातीला लावला, बाहेरच्या दरवाजाचा अडसर काढायला तो वळला, आणि तेवढ्यात आतल्या दरवाजातून कारभारी भगवंतराव आपले भालाईत घेऊन आले. ज्या माणसाला वाड्यातून बाहेर पडायची मनाई होती, तो घामाघूम होऊन तिथे उभा होता.

"सुभानजीराव, या हरामखोराला बेड्या घाला! बाईसाहेबांचा मागाहून हुकूम झाला आहे."

"हुकूम माझ्या कानांनी ऐकला आहे, कारभारीसाहेब. यांना कोतवालीचा कौल आहे. आपण मागे फिरावे."

"आणि न फिरलो तर?"

"तर माझ्यावरून जावे लागेल," सुभानजी म्हणाला, आणि थोरल्याची तलवार त्याने उपसली. त्याच्या आवाजाची पायरी आज खाली उतरली नाही.

येसा निःशस्त्र होता. सुभानजीने त्याला दंडाला धरून देवडीच्या खोलीत ढकलले, बाहेरून कडी घातली आणि पाठ त्या दाराला लावली. पहिल्या झटापटीत देवडीचे शिपाई कमी पडले. एका भालाइताने नेम धरला तो नेमका सुभानजीच्या छातीवर. सुभानजी दुसऱ्याशी भिडला होता, त्याला ते दिसले नाही. म्हाताऱ्या दौलतखानाला दिसले. ढाल उचलण्याइतकाही वेळ नव्हता, म्हणून तो स्वतःच मध्ये आला.

मग मात्र देवडीचे शिपाई चवताळले. भालाइतांची फळी फुटली, कारभारी दरवाजाच्या कोपऱ्यात हात जोडून बसले, आणि सुभानजी दौलतखानाचे डोके मांडीवर घेऊन खाली बसला. म्हाताऱ्याचे ओठ हलले. "पोरा, डावी बाजू... अजून उघडी ठेवतोस," एवढे बोलून त्याने मान टाकली. सुभानजी हमसून हमसून रडला. लाज वाटावी असे त्यात काही नव्हते.

रानजाईगडाची एक जुनी चाल होती. दरवाजाचा राखणदार दरवाजातच कामी आला, तर त्याला मूठमाती मिळेपर्यंत नौबत झडायची नाही. राजघराण्यातल्या माणसासाठी जो मान, तोच दरवाजावर पडलेल्या साध्या हवालदारासाठी. गडकऱ्यांना या चालीचा मोठा अभिमान होता. नगारखान्यातून नौबतकऱ्याने टिपऱ्या हातात घेऊन खाली वाकून विचारले, "नायबसाहेब, नौबत?"

सुभानजीने वर पाहिले. डोळ्यांत पाणी होते, मांडीवर रक्त होते, आणि मनात त्या घटकेला एकच माणूस होता. त्याने हात हलवला.

"नाही. खानसाहेब गेले. नौबत बंद!"

नौबतकऱ्याने टिपऱ्या खाली ठेवल्या. शिपायांनी पागोटी उतरवली. मागच्या खोलीचे दार आतून कोणी बडवत होते, ओरडत होते. पण कारभाऱ्यांच्या लोकांना बांधायची गडबड, जखमींचे कण्हणे, आणि त्या जाड सागवानी फळ्या यांतून शब्द कळत नव्हते. सुभानजीला वाटले, येसा घाबरला आहे. घाबरू दे, आत तो सुरक्षित आहे. त्याने आधी दौलतखानाला नीट निजवले, त्याची दाढी पुसली, त्याच्यावर आपला शेला घातला. कैद्यांना वर पाठवले. मग जाऊन कडी काढली.

येसाच्या दोन्ही मुठी रक्ताने माखल्या होत्या. "नौबत का वाजंना?" तो ओरडला. "सुभानराव, नौबत का वाजली न्हाई? दीस कुठं हाय?"

सुभानजीने बाहेर पाहिले. कावळ्या घाटाची धार काळी पडली होती आणि तिच्या मागे आभाळ लाल झाले होते. तो स्वतःच नगारखान्याच्या दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर धावला, टिपऱ्या हिसकावल्या आणि जिवाच्या आकांताने नौबत बडवू लागला. खाली पेठेत नौबतीचा आवाज गेला. सगुणाबाईंनी तो ऐकला, देवाला हात जोडले आणि चूल पेटवली.

घाटमाथ्यावर काय झाले ते येसाच्या धाकट्या भावाने, तुकाने, नंतर सांगितले. ओलीस त्याच्या ताब्यात होता. दिवसभर रायाजींनी त्याच्याशी गप्पा मारल्या, त्याची भाकर खाल्ली. ऊन उतरू लागले तसे दोघांचेही कान गडाकडे लागले. सूर्य धारेला टेकला तेव्हा रायाजी म्हणाले, "तुका, आमच्या गडाची एक चाल आहे. दरवाजावर कोणी आपलं माणूस पडलं की नौबत मुकी राहते. तसं काही झालं असेल. तुझा भाऊ जिवंत असेल."

तुकाने विचारले, "जीव वाचवाया बोलताय का, राव?"

रायाजींनी क्षणभर विचार केला. "तुझ्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं," ते म्हणाले. "ठरलं ते ठरलं. मी शब्द फिरवायला लागलो, तर उद्या कोतवालाच्या कौलावर डोंगरातून कोण खाली येईल?" मग त्यांनी पागोटे काढून शेजारच्या दगडावर ठेवले.

तुकाने तलवार पुसलीसुद्धा नव्हती, तेव्हा नौबत ऐकू आली.

येसा रात्रीच घाट चढून गेला होता आणि बातमी पहाटेपूर्वी गडावर पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी उजाडताना येसा आणि तुका रायाजींना खांद्यावर घेऊन गडाच्या वडाखाली उतरले. तुकाने आपली तलवार सुभानजीच्या पायांपाशी ठेवली आणि मान पुढे केली. "धनी, तोडा," तो म्हणाला. दरवाजावरचे शिपाई दातओठ खात होते. कोतवालीचे पागोटे त्याच पहाटे बाईसाहेबांनी सुभानजीच्या डोक्यावर ठेवले होते, आणि ते पहिल्याच दिवशी किती जड व्हावे! त्या मानेवर वार करायला त्याचे सारे अंग पेटले होते. त्याने तलवार उचलली आणि मुठीकडून तुकापुढे धरली.

"तू ठरल्याप्रमाणे वागलास," तो मोठ्या कष्टाने म्हणाला. "तुझ्यावर कोतवालीचा गुन्हा नाही. तुला मारलं तर दादांचा कौल मोडेल. जा, घाट राखा."

मग तो वहिनींच्या दारात गेला. त्याला निरोप द्यायची गरज नव्हती, निरोप पेठभर झाला होता. तरीही तो उंबऱ्याबाहेर थांबला आणि पागोटे काढून उभा राहिला. सगुणाबाई बाहेर आल्या.

"नौबत कोणी थांबवली, भाऊजी?"

खोटे बोलता आले असते. नौबतकरी बोलला नसता.

"मी, वहिनी."

त्या आत वळल्या आणि कालच्या चुलीतली राख भरू लागल्या. त्याला ते सोसवेना.

रायाजी काही दरवाजात पडले नव्हते, पण गडकऱ्यांनी त्यांनाही तोच मान द्यायचे ठरवले. तिरडी महादरवाजासमोर आली, सारे उघड्या डोक्याने उभे राहिले, आणि नगारखान्यात नौबतकरी चालीप्रमाणे टिपऱ्या खाली ठेवून हात जोडून उभा राहिला. नदीवर जायला माणसे निघणार, एवढ्यात सगुणाबाई पुढे झाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर सावरला आणि वर पाहिले.

"वाजवा," त्या म्हणाल्या.

नौबतकरी घुटमळला. "बाई, चाल हाय गडाची..."

"माझा माणूस काल नौबतीची वाट बघत बसला होता. आता तरी त्याला ऐकू द्या."

नौबतकऱ्याने सुभानजीकडे पाहिले. सुभानजीने मान हलवली. नौबत वाजू लागली आणि रायाजींना नदीवर पोहोचवून माणसे परत येईपर्यंत वाजत राहिली. घाटावर दोन भाऊ उभे राहून ती ऐकत होते. त्या दिवसापासून रानजाईगडावर दरवाजात कोणीही पडले, तरी नौबत कधी थांबली नाही.