कार्डावरचा अंगठा

लाकडी खणात तीनशे अठरा कार्डं होती. दोनशे सत्त्याहत्तर सह्यांची, एक्केचाळीस अंगठ्यांची. शिवाय एक भिंग, झाकण न बसणारी शाईची गादी आणि एक मेलेलं झुरळ. अरुंधतीनं यादीत झुरळही लिहिलं.

प्रताप नगरातल्या त्या छोट्या पतपेढीत लागून तिला आठवडा झाला होता. १९७८चा ऑक्टोबर. काम सोपं होतं. पैसे काढायच्या फॉर्मवरची सही किंवा अंगठा खणातल्या नमुन्याशी ताडून पाहायचा. पण पदार्थविज्ञान शिकलेल्या मुलीच्या हाती भिंग दिल्यावर ती सोप्यावर थोडीच थांबते? दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तिनं एक्केचाळीसही अंगठे तपासले आणि आपल्या वहीत उतरवले. कोणी सांगितलं नव्हतं, राहवलं नाही एवढंच.

सतरावी नोंद अशी होती: ‘भागीरथाबाई. डावा अंगठा, १९६९. भोवऱ्यापासून कडेच्या त्रिकोणापर्यंत रेषा चौदा. चीर, व्रण: नाही.’

दहा दिवसांनी भागीरथाबाईंचा पुतण्या चंद्रभान फॉर्म घेऊन आला. खात्यातले सगळे, दोन हजार शंभर रुपये काढायचे होते. सोबत चिठ्ठी : काकू आजारी आहे, येऊ शकत नाही.

अरुंधतीनं कार्ड काढलं. फॉर्मवर चौदा रेषा, कार्डावर चौदा. पण कार्डावरच्या अंगठ्यात एक तिरपी पांढरी रेघ होती. मधोमध, सगळ्या रेषा कापत गेलेली. फॉर्मवर ती नव्हती.

“काकूंना घेऊन या,” ती म्हणाली.

“काहून? अंगठा तं काकूचाच हाय. आता का तो कापून आणू, मॅडम?”

आतून मॅनेजर मधुकरराव आले. “अहो अरुंधतीबाई, ओळखीचा माणूस आहे. रेषा जुळून राहिल्या, मग अडवता काहून?”

“रेषा जुळतात, सर. चीर जुळत नाही. एवढी खोल चीर भरली तरी खूण राहते. नऊ वर्षांपूर्वी होती, तर आजही हवी.”

मधुकररावांनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चंद्रभानला म्हणाले, “काकू बऱ्या झाल्या की या.”

तो गेल्यावर अरुंधतीनं वही उघडली. सतरावी नोंद. ‘चीर, व्रण: नाही.’ अक्षर तिचंच होतं. आपली चूक कबूल करायला तिला कधी जड जात नसे. पण ही रेघ दिसायला भिंगही लागत नव्हतं. खणाची किल्ली तिच्याच पर्समध्ये असायची.

दुपारी ती भागीरथाबाईंच्या घरी गेली. दोन खोल्या, दारात शेवग्याचं झाड. म्हातारी ओट्यावर अंबाडी निवडत बसली होती. आजारी मुळीच नव्हती. डाव्या अंगठ्याला हळदीची चिंधी होती.

“काय झालं, आजी?”

“काई नाई वं. परवा विळी लागली.”

अरुंधतीनं चिंधी सोडली. तिरपी चीर, मधोमध. पर्समधली मोजपट्टी काढून तिनं मोजली. सहा मिलिमीटर.

“आजी, चंद्रभाननं तुमचा अंगठा कधी घेतला?”

“दसऱ्याच्या आंधी. पाच कोऱ्या कागदायवर घेतला. म्हने, काकू, तुले घडीघडी हेलपाटे नकोत. चांगलं पोरगं हाय.” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हातारीचा हात थांबला. “काहून वं? पैसे गेले का? ते गोपिकेचे हायेत. माही नात. नर्सच्या शाळेत घालाची हाय तिले.”

“गेले नाहीत. पण आजी, कोऱ्या कागदावर अंगठा म्हणजे घराची किल्ली. पोटच्या पोरालाही द्यायची नाही.”

दुसऱ्या दिवशी भागीरथाबाई स्वतः पतपेढीत आल्या. आपण समोर असल्याशिवाय कोणाला पैसे देऊ नयेत, असं लिहून दिलं. काम झाल्यावर अरुंधतीनं, का कोण जाणे, ते कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं.

म्हातारीनं चिंधी बांधलेला अंगठा कार्डाशेजारी धरला. दचकली नाही. लेकराला लागल्यावर घालतात तशी कार्डावर हळूच फुंकर घातली.

“यालेबी लागलं वं बिचाऱ्याले.”

अरुंधतीनं कार्ड दोन्ही हातांनी उचललं.

“जप त्याले,” म्हातारी म्हणाली. “मी तं कापतच राहीन. बाईच्या हातची विळी काई सुटत नाई, मेल्यावरबी.” आणि स्वतःच्याच बोलण्यावर बोळक्या तोंडानं हसली. पिशवीतून अंबाडीची एक जुडी काढून टेबलावर ठेवली.

त्यानंतर अरुंधती दर शनिवारी कार्ड पाहायची. चीर हळूहळू मिटत गेली. कडा जुळल्या, मागे बारीक पांढरी खूण राहिली. म्हातारी भेटली की अंगठा आपणहून पुढे करायची. दोन्हींकडे सारखंच.

जूनमध्ये भागीरथाबाईंनी समोर बसून पैसे काढले. गोपिकेची फी भरली. तिच्या पांढऱ्या गणवेशातल्या फोटोचं पाकीट त्या आठवडाभर पदरात बांधून हिंडल्या.

जानेवारीत त्या गेल्या. झोपेतच. अरुंधती अंत्यविधीला गेली होती. चंद्रभान कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता.

खातं बंद झालं. कार्ड बंद खात्यांच्या लोखंडी पेटीत गेलं. पेटीला किल्ली एकच होती, आणि ती अरुंधतीकडे.

एकतीस मार्चला वर्षाची मोजणी होती. पेटीत बावीस कार्डं. तिनं ती एकेक करून पाहिली.

अकराव्या कार्डापाशी ती थांबली.

भिंग पुसलं. कार्ड खिडकीशी नेलं.

तर्जनीनं हलकेच स्पर्श केला. बोट पाहिलं. मग ते रुमालाला पुसलं आणि पट्टी काढली.

वहीत तिनं तारीख घातली आणि खाली लिहिलं:

‘भागीरथाबाई. डावा अंगठा. रेषा: चौदा. जुनी चीर: सहा मिलिमीटर, भरलेली. नवीन चीर: एक. लांबी चार मिलिमीटर. कडा ओल्या.’